शेवटच्या ओव्हरचा पाहुणा

गावात पाय ठेवला की त्या पाहुण्या बॉलरचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा. "शेवटली एस्टी किती वाजता हाय?" समोर टीम कुठली, पिच कसं, त्यांच्यात मारणारा कोण, यातलं काही म्हणजे काही ते विचारायचे नाहीत. एस्टीची वेळ कळली की पिशवी थांब्यावरच्या चहाटपरीत खिळ्याला अडकवायची, टपरीवाल्याला "पाहाजा बरं" म्हणायचं आणि हात हलवत मैदानाकडे निघायचं. आमच्या गावात ते पहिल्यांदा आले तेव्हा मी मनात म्हटलं, हा माणूस खेळायला आलाय की पळून जायला?

मैदान म्हणजे तरी काय, धान कापून मोकळं झालेलं भाताचं खाचर, आमच्याकडची बांधी. आमचं गाव सावली तालुक्यातलं. धान घरात आलं की पोरांच्या अंगात क्रिकेट येतं. धसकटं खरडायची, मुरूम टाकायचा, पाणी मारून दाबायचा, आणि फायनलच्या आधी गावातल्या बाया येऊन अंगण सारवावं तसं पिच शेणानं सारवून देतात. बांधीचा धुरा, म्हणजे बांध, हीच बाउंड्री. बॉल टेनिसचा, लाऊडस्पीकरवर हिंदी-मराठीची खिचडी शिजवणारा एक समालोचक, आणि बक्षीस म्हणून शिल्ड आणि एक बोकड. शिल्ड पुढे कुठल्या माळ्यावर पडते कोणालाच ठाऊक नसतं. भांडणं होतात ती बोकडावरून.

आणि भांडणं साधी नव्हेत. गावची टीम म्हणजे सगळे एकमेकांचे चुलते, साळे, शेजारी. फायनल ज्याच्या ओव्हरमध्ये गेली, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार पुढचं धान येईपर्यंत चालतो. आमच्याकडे एकदा एका नो-बॉलवरून माणसानं शेजाऱ्याच्या बांधीत उतरणारं पाणी अडवलं होतं. भर रोवण्याच्या, भातलावणीच्या दिवसांत! रोवणं खोळंबलं, दोन्हीकडच्या बाया धुऱ्यावर उभ्या राहून भांडल्या, तेव्हा म्हाताऱ्यांनी डोकं लावलं. म्हणाले, शेवटची ओव्हर टाकायला बाहेरचा माणूस आणा. जिंकला तर आपला पाहुणा, हरला तर परका. शिव्या खाईल आणि आपल्या गावी जाईल.

असा माणूस तालुक्या-तालुक्यांत एकच होता. चामोर्शीकडचा, ढिवराच्या घरचा. तलावावर मासे मारायचा आणि धान कापून झालं की शेवटच्या ओव्हरी टाकत फिरायचा. सिंदेवाही म्हणू नका, मूल म्हणू नका, पार आरमोरीपर्यंत. मोबदला काय, तर जाण्यायेण्याचं भाडं, पोटभर जेवण आणि पिशवीत मावतील तेवढे तांदूळ.

त्यांचं बसणंही अजब. सगळी मॅच ते मोहाच्या झाडाखाली मैदानाकडे पाठ करून बसायचे. टाळ्या वाजोत, शिट्या वाजोत, मान वळायची नाही. आमच्यातला एक उत्साही एकदा धावत सांगायला गेला की भाऊ, त्यांचे अमुक झाले, तमुक आउट झाला. त्याच्यावर असे खेकसले! "स्कोर नोको सांगू बे! मह्यासाठी किती उरवले तेवढंच सांग." ओव्हर आली की उठायचे, चप्पल झाडाखालीच ठेवायचे आणि अनवाणी यायचे. बूट घाला म्हटलं तर म्हणायचे, "बांधीतली ओल पायाले समजते, बुटाले काय घंटा समजते?" धावत येणं नाही, काही नाही. चार पावलं आणि हात असा फिरायचा की जणू तलावात जाळं फेकतायत. त्या हातातून बॉल कधी सुटला हे बॅट्समनला कळायचंच नाही. तो बॅट फिरवून मोकळा व्हायचा आणि बॉल मागाहून सावकाश यायचा, उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा.

मी त्या वर्षी आमच्या टीमचा बॉलर होतो. बॉलर म्हणजे, दुसरं कोणी नव्हतं म्हणून. फायनलमध्ये त्यांच्या आधीची ओव्हर माझ्या वाट्याला आली आणि काय सांगू, मी ती अशी टाकली की समालोचक बिचारा थकला. हातातली मॅच मी जवळजवळ वाढून दिली. ओव्हर संपली तेव्हा मी बाहीनं डोळे पुसत होतो. धुऱ्यावर बसलेला आमचा चुलता एवढंच म्हणाला, "घरी ये, पाहतो तुले." बॉल माझ्या हातातून सुटेना. तेवढ्यात ते अनवाणी आले, माझी बोटं एकेक करून उघडली आणि बॉल काढून घेतला.

"जाय बाबू, धुऱ्यावर जाऊन उभा राह्य," ते म्हणाले. "आता हारलो तं मी हारलो."

आणि हरलो की! शेवटच्या बॉलवर हरलो. सगळं गाव त्यांच्यावर तुटून पडलं. "कुठून आनला हा ढिल्या हाताचा?" "तांदूळ वापस घ्या याचे!" माझ्या ओव्हरचं नावसुद्धा कोणी काढलं नाही. चुलता तर मला पाणी विचारत होता. मला इतकं हलकं वाटलं की त्याची लाज वाटली, आणि मी सायकल घेऊन थांब्यावर गेलो. ते पिशवी मांडीवर घेऊन चहा पीत बसले होते, चेहरा अगदी आंघोळ करून आल्यासारखा.

"भाऊ, तुम्हाले वाईट नाई वाटत?"

"वाटते ना. एस्टी येईपर्यंत वाटते." बशीतला चहा फुर्रकन ओढून म्हणाले, "आयक बाबू. आपल्या गावात हारलो तं जन्मभर. परक्या गावात हारलो तं एस्टी सुटेपर्यंत."

एस्टी आली. खिडकीतून त्यांनी हात हलवला, आणि मागून धावत आलेल्या आमच्या पोरांनी दिलेली शेवटची शिवी त्यांनी मान डोलावून स्वीकारली.

जिंकल्यावरही हाच थाट. पोरं खांद्यावर घ्यायला धावायची तोवर स्वारी थांब्यावर. एकदा गडचांदूरकडच्या एका सिमेंट कंपनीच्या टीमनं त्यांना कायमचं बोलावलं. राहायला खोली, खेळायला पक्कं मैदान. हे गेले. चारच दिवसांत परत! मी नंतर कधीतरी विचारलं, तर म्हणाले, "शर्टाच्या पाठीवर मह्यं नाव छापून देऊन राह्यले होते. नाव छापलं म्हनजे शिव्या घरपोच!" शिवाय तिथं थांब्यापासून मैदान फार लांब, ही तक्रार वेगळीच.

हे हसण्यावारी नेण्याचं नव्हतं, हे मला पुढे फार वर्षांनी कळलं. मी शिक्षक झालो, आणि फिरतफिरत माझी नेमणूक नेमकी त्यांच्याच गावात झाली. शाळेमागची खोली घेतली. पहिल्याच संध्याकाळी तलावाच्या पाळीवर ते दिसले. मी ओळख दिली, जयभीम केला. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "तो रडका बॉलर तू! गुरुजी झाला का बे?" आणि लगेच जीभ चावून, "झाले का गुरुजी?" त्या दिवसापासून बाबूचा मी गुरुजी झालो.

मला वाटलं होतं, साऱ्या तालुक्याची लाज राखणारा हा माणूस आपल्या गावात राजासारखा राहत असेल. पण ते पारावर कधी बसत नसत. गावची मॅच असली की त्या दिवशी हमखास दुसऱ्या गावाला. त्यांची म्हातारी आई तर सणाला आपलं अंगण सारवायलाही मागच्या दारानं पाणी न्यायची. एकदा शाळेत दोन पोरं भांडत होती, आणि एकानं दुसऱ्याला चिडवलं, "मायनं सारवलं, पोरानं हारवलं!" मी विचारलं, हे कुठून शिकलास? म्हणे, सगळेच म्हणतात.

गोष्ट त्यांच्या बायकोनं सांगितली. बाजारात मासे विकून विकून जीभ धारदार झालेली बाई. नवरा तरणा होता तेव्हाची गोष्ट. गावची फायनल, शेवटची ओव्हर त्याची. बायांनी पिच सारवून ठेवलं होतं, वाळूनही गेलं होतं. पण आईचा जीव! पोराची ओव्हर चांगली जावी म्हणून ती मॅचच्या दिवशी पहाटे एकटीच गेली आणि आणखी एक हात फिरवून आली. ते शेण वाळलं नाही. शेवटचा बॉल तिथंच पडला, ओलीत अडकला, आणि बॅट्समनसमोर असा उभा राहिला की त्यानं तो धुऱ्यापार नेला. बोकड गेलं. गावानं पोराला शिव्या घातल्या असत्या तर गेल्याही असत्या विसरून. पण कोणा रिकामटेकड्यानं ते यमक जुळवलं, आणि यमक काही केल्या मरत नाही. त्या दिवसापासून म्हातारी कोणाच्या कार्यात सारवायला गेली नाही, आणि हा माणूस परक्या गावांच्या एस्ट्या शोधत फिरू लागला.

"मह्यं काई नाई, गुरुजी," ते मला एकदा म्हणाले. "मले म्हना, मी आयकून घेतो. पन मायले?" तलावात खडा टाकला आणि उठून गेले.

मग ते वर्ष आलं. गावची टीम फायनलला पोचली, तीही घरच्याच मैदानावर. शेवटची ओव्हर टाकायला टीममधला एकही पोरगा तयार होईना. दुसऱ्या गावचा पाहुणा आणायचा तर असा पाहुणा आपल्याच गावात राहत होता! शेवटी पोरं घोळक्यानं त्यांच्या दारात गेली. मीही होतो, कारण माणसं कमी पडतात म्हणून मला धुऱ्यावर उभं करायचं आधीच ठरलं होतं. त्यांची बायको दारात मासोळ्या घासत होती. तिनं विळा हातात तसाच धरून विचारलं, "कायले आले?" पोरांनी सांगितलं. "आधी तुमच्या बापाईले पाठवा," ती म्हणाली, "मह्या सासूची माफी मागाले. मंग ओव्हर मांगा."

पोरं एकमेकांच्या मागं सरकली. ते आत बसले होते. तेवढ्यात म्हातारी भिंत धरत बाहेर आली.

"जाय रे," ती मुलाला म्हणाली. "मह्या डोळ्यादेखत एक डाव टाक. नाई तं मी मेल्यावरबी तिरडीमांगं लोकं हेच म्हनतीन."

झालं. आता नाही म्हणायची सोय राहिली नाही. पण माणूस आतून हादरला होता. मॅचच्या आधी तलावावर मला म्हणाले, "गुरुजी, आजवर कुठी कुठी हारलो, झोप कधी नाई मोडली. इथी अजून मॅच झाली नाई तं झोप नाई." आणि त्यांनी लपवलेली गोष्ट बायकोनं फोडली. खांदा गेला होता. हात कानाच्या वर जात नव्हता. "जाळं आता मह्याच हातानं पडते तलावात," ती म्हणाली. "यायले म्हना खांदा दुखते म्हनून सांगा, तं म्हनते, मग माय काय म्हनन?"

फायनलच्या दिवशी मी थांब्याजवळून मैदानाकडे जात होतो. पाहतो तर काय, टपरीतल्या खिळ्याला त्यांची पिशवी! टपरीवाला कपाळाला हात लावून बसलेला. "गुरुजी, यायचं घर इथून दिसते, अन् पिशवी लटकवून गेले. शेवटल्या एस्टीची वेळबी विचारली." मला हसू आलं.

मैदानात ते नेहमीसारखे पाठ करून बसले. पण पलीकडच्या धुऱ्यावर छत्री घेऊन म्हातारी बसली होती, आणि तिच्याकडे पाठ करता येत नव्हती. त्यामुळे एकदा इकडे तोंड, एकदा तिकडे, असं त्यांचं चाललं होतं. ओव्हर आली. चप्पल काढली. पहिला बॉल, तोच जाळं फेकल्यासारखा हात, बॅट्समनची बॅट नुसतीच हवेत फिरली. दुसराही तसाच. तिसऱ्यावर एक रन. चौथा बॉल टाकला आणि "आई गं" असा आवाज आला. बॉल सरपटत यष्टीरक्षकाकडे गेला, आणि ते खांदा धरून खाली बसले. हात लोंबत होता.

दोन बॉल उरले होते, समोरच्यांना पाच रन हवे होते. अंपायर म्हणाला, दुखापत झाली तर दुसऱ्यानं टाकायला हरकत नाही. टीमच्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सगळ्यांना अचानक आपापल्या बुटांच्या नाड्या बांधायच्या होत्या. ते एका हातानं उठायला पाहत होते. "टाकतो मी. डाव्या हातानं टाकतो," म्हणाले. धुऱ्यावर म्हातारी उभी राहिली होती.

मी कधी धावायला लागलो, मला माहीत नाही. जवळ गेलो. बॉल त्यांच्या मुठीत गच्च. मी त्यांची बोटं एकेक करून उघडली.

"जा भाऊ, तिकडे बसा," मी म्हटलं. "आता हारलो तं मी हारलो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे पाण्यानं भरले आणि ओठ हसायला लागले, दोन्ही एकदमच. "तुमचा फुलटॉस पडते गुरुजी," ते हळूच म्हणाले, "सांभाळजा." आणि जाऊन मायच्या शेजारी बसले. मैदानाकडे तोंड करून.

पाचवा बॉल बॅट्समनच्या बॅटला लागलाच नाही. गावानं माझं नाव घेऊन आरोळी ठोकली. मला वाटलं, अरे, आपण तर ग्रेट आहोत. सहावा पायाशी टाकायचा होता. तो हातातून असा निसटला की बॅट्समनच्या कमरेशी जाऊन पोचला, अलगद, ताटात वाढल्यासारखा. त्यानं तो धुऱ्यावरून उचलला तो थेट तलावात. लाऊडस्पीकर ओरडला, "और ये गुरुजी का प्रसाद!"

पुढचं काय सांगू! ज्या पोरांचे पाढे मी पाठ करून घेतले त्यांच्या बापांनी मला पाढे ऐकवले. बोकड डोळ्यांदेखत दुसऱ्या गावच्या टेम्पोत चढलं. पण मी मनातून मजेत होतो. मी बाहेरगावचा, शिकलेली युक्ती मला ठाऊक होती. मान डोलावत, शिव्या स्वीकारत मी तडक थांब्यावर गेलो. एस्टी उभीच होती. पाठोपाठ ते आले, हात बायकोच्या लुगड्याच्या पट्टीत बांधलेला.

"कुठी चालले?"

"एस्टी..."

"एस्टीनं कुठी जाता? तुमची खोली तं शाळेमांगं हाय!"

मी एस्टीच्या पायरीवर एक पाय ठेवून तसाच थांबलो. खरंच की. कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी माझ्यावाचून गेली. ते इतके हसले, इतके हसले की दुखरा खांदा धरून टपरीच्या बाकावर बसले. मग उठून डाव्या हातानं खिळ्यावरची पिशवी काढली.

"परक्या गावात एस्टी सुटेपर्यंत," ते म्हणाले. "आता भोगा. आमच्या गावचे झाले तुम्ही."

तेव्हापासून भोगतो आहे. फुलटॉसचा व्हिडिओ साऱ्या ग्रुपवर फिरला. पालकसभेत एखादा तरी विचारतोच, "गुरुजी, तो बॉल काऊन तसा टाकला?" पोरांनी नवं यमक जुळवलं, "गुरुजीनं टाकलं, नाक गावाचं कापलं!" पण खरं सांगतो, ते पहिल्यांदा कानावर आलं त्या दिवशी मला पेढे वाटावेसे वाटले. कारण जुनं यमक त्यानंतर कोणाच्या तोंडी आलं नाही. दोन यमकं लक्षात ठेवणारं गाव नाही आमचं. त्यांचा खांदा मलमपट्टीनं सावरला, पण बॉलिंग सुटली ती सुटलीच. आता ते पारावर बसतात, मधोमध, आणि मॅच असली की येणाऱ्या-जाणाऱ्याला स्कोर विचारतात.

पुढच्या वर्षी पुन्हा फायनल घरच्याच मैदानावर आली. बाया पिच सारवत होत्या. मी मुरमाची टोपली घेऊन उभा होतो. तेवढ्यात गावच्या भररस्त्यानं, पारासमोरून, म्हातारी शेणाची बादली घेऊन येताना दिसली. सगळ्या बाया सरकल्या आणि त्यांनी तिला जागा दिली. ती बसली, हात बादलीत घातला, आणि माझ्याकडे मान वळवून मोठ्यानं विचारलं,

"गुरुजी, औंदा बॉल तुमच्याच हाती देऊन राह्यले का? तसं असन तं आत्ताच सांगजा. एक हात कमी सारवीन!"

बाया हसल्या, पोरं हसली, आणि पारावरून त्यांचं हसू सगळ्यांत वर ऐकू आलं. तेवढ्यात एस्टी आली, थांबली आणि गेली. तिची वेळ कोणी विचारली नाही.